ठाणे-नवी मुंबईत जुनी मारुती घेताय? आधी कुठलं के-सिरीज इंजिन आहे ते बघा

"के-सिरीज आहे साहेब, इंजिनकडे बघायचीच गरज नाही." जुनी मारुती बघायला गेलात की हे वाक्य एजंटच्या तोंडून येणारच, मग तो कापूरबावडीचा असो नाहीतर तुर्भ्याचा. वाक्य अर्धं खरं आहे. ही इंजिनं दणकट आहेत यात वाद नाही, रिक्षावाल्यासारखी मारझोड सहन करतात. पण के-सिरीज हे एका इंजिनाचं नाव नाहीये, पूर्ण घराण्याचं नाव आहे, त्यात तीन सिलिंडरवाली आहेत, चार सिलिंडरवाली आहेत, टर्बो आहे, २००८ सालचं आहे आणि आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीतलंपण आहे. त्यामुळे नुसतं "के-सिरीज आहे" म्हणजे काहीच सांगितलेलं नसतं. कुठलं आहे ते आधी काढायचं, मग थंड असताना तपासायचं, मग ऑइलचा इतिहास बघायचा, आणि मग भाव करायचा, ह्या क्रमाने गेलात तर फसायचे चान्स बरेच कमी होतात.

कोड कुठे सापडतो

बोनेट उघडल्यावर वरच्या काळ्या डब्यावर मोठ्या अक्षरात के-सिरीज लिहिलेलं दिसतं त्यावर जाऊ नका, तो डबा दहा मिनिटांत बदलता येतो. आरसी मागा, किंवा मालकाला एमपरिवहन नाहीतर डिजिलॉकरमध्ये उघडून दाखवायला सांगा. त्यात इंजिन नंबर असतो आणि त्याची सुरुवातीची अक्षरं म्हणजेच इंजिनाचा कोड, के१०बी, के१२एम, के१५बी वगैरे. मग तोच नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो तो टॉर्च मारून जुळवून बघा. धूळ-ऑइल बसलेलं असतं म्हणून सोबत एक फडकं ठेवा. जुळला नाही तर इंजिन बदललेलं आहे आणि आरसीवर चढवलेलं नाही, मग कितीही स्वस्त मिळू दे, तिथून निघा.

आता घराणं. सगळ्यात जुना भारतातला के-सिरीज म्हणजे के१०बी, २००८ च्या शेवटी ए-स्टारमध्ये आला. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, साधारण ६८ पीएस (ताकद) आणि ९० न्यूटन मीटर (टॉर्क, म्हणजे ओढ). मग तोच एस्टिलोत, २०१० च्या नव्या वॅगनआरमध्ये, ऑल्टो के१० मध्ये, २०१४ च्या सेलेरिओत आणि अगदी २०१९ च्या एस-प्रेसोत. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या जुन्या मारुत्या मोजल्यात तर त्यातल्या बऱ्याच ह्याच इंजिनाच्या निघतील.

त्याचा मोठा भाऊ के१२एम, ११९७ सीसी, चार सिलिंडर. २००९ ला रिट्झमध्ये आला, २०१० ला स्विफ्टमध्ये, मग डिझायर, २०१५ ची बलेनो, २०१७ ची इग्निस, २०१९ च्या वॅगनआरचं १.२ मॉडेल. पॉवर गाडी आणि सालाप्रमाणे ८३ ते ८७ पीएस. गंमत अशी की के१०बी आणि के१२एम दोघांचा बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) सारखाच, ७३ मिलिमीटर. आणि २०१२ च्या एर्टिगात, २०१४ च्या सियाझमध्ये जे के१४बी आलं, १३७३ सीसी, त्याचाही बोअर ७३ च, फक्त स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) वाढवलेला, के१२एमच्या ७१.५ चा ८२ मिलिमीटर केला. म्हणून ह्या तिघांचा स्वभाव ओळखीचा वाटतो आणि एक हाताखाली आला की फिटरला बाकीचे अवघड जात नाहीत.

के१५बी हे १४६२ सीसी, १०५ पीएस, २०१८ च्या सियाझ आणि एर्टिगापासून, मग एक्सएल६, २०२० ची पेट्रोल ब्रेझा, जिम्नी. ज्यांना एर्टिगा घ्यायचीय त्यांनी के१४बी आणि के१५बी मधला फरक नीट लक्षात ठेवा, सात माणसं बसवून येऊरचा चढ चढताना तो कळतो.

त्यानंतर ड्युअलजेटवाले. ड्युअलजेट म्हणजे एका सिलिंडरला दोन इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे). दोन स्पार्क प्लग नव्हे, हे बऱ्याच जणांना उलटं सांगितलं जातं. के१२एन हे १.२ लिटर, ९० पीएस, कॉम्प्रेशन रेशो १२ ला १, २०२० ची डिझायर आणि २०२१ ची स्विफ्ट ह्यात. के१०सी हे एक लिटर, २०२१ ची सेलेरिओ, २०२२ पासून वॅगनआर, ऑल्टो के१०, एस-प्रेसो. के१५सी हे २०२२ पासून एर्टिगा, एक्सएल६, ब्रेझा, ग्रँड विटारा. शेवटी बूस्टरजेट टर्बो, २०१७ च्या बलेनो आरएसमध्ये होतं आणि २०२३ पासून फ्रॉन्क्समध्ये आहे. इथे एक गोची आहे, बूस्टरजेटचा कोडही के१०सी आणि साध्या ड्युअलजेट एक लिटरचा कोडही के१०सी. म्हणजे फक्त कोडवर विसंबायचं नाही, मॉडेलपण बघायचं. १०० च्या आसपास पीएस असेल तर टर्बो, ६७ असेल तर साधं.

आणि के-सिरीज नसलेली पण त्या नावावर खपवली जाणारी इंजिनंपण आहेत. ऑल्टो ८०० मधलं एफ८डी, २०१० च्या आधीच्या वॅगनआरमधलं एफ१०डी, सुरुवातीच्या २००५ वाल्या स्विफ्टमधलं जी१३बीबी १२९८ सीसी. ही के-सिरीज नाहीत. एफ८डी आणि एफ१०डी ला टायमिंग बेल्ट असतो, तो ठराविक किलोमीटरला बदलावाच लागतो. के-सिरीजला चेन असते. "बेल्ट बदलायचा खर्च नाही" हे एजंट सांगतो ते के-सिरीजबद्दल बरोबर आहे, पण गाडी मुळात के-सिरीज हवी ना. इंजिन नंबर डी१३ए ने सुरू होत असेल तर ते १.३ डिझेल आहे, हा लेख त्याच्यासाठी नाही. आणि २०२४ ची नवी स्विफ्ट आणि नवी डिझायर ह्यांच्यात झेड१२ई आहे, तीन सिलिंडर ११९७ सीसी, ते के-सिरीज नाहीच, दुसरं घराणं.

सकाळी जा आणि थंड इंजिन मागा

गाडी बघायला संध्याकाळी ऑफिसहून येताना जायची आपल्याकडे सवय आहे. चुकूनही नको. सकाळी आठच्या आत जा, आणि आदल्या रात्री मेसेज करून ठेवा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर हसून सांगा की मी उद्या येतो. गरम इंजिन बरेच आजार लपवतं, हे त्यांना माहीत असतं आणि तुम्हालाही माहीत आहे हे त्यांना कळलं की पुढचं बोलणं जरा सरळ होतं.

चावी फिरवा पण सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा, ऑइलचा लाल दिवा, बॅटरीचा दिवा, सगळे पेटले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा पेटतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मग सेल्फ मारा. ऑइलचा दिवा लगेच विझला पाहिजे. पहिल्या एक-दोन सेकंदात पुढच्या बाजूने थोडी खडखड आली आणि थांबली तर टेन्शन नाही, चेनचा टेन्शनर (तिला ताणून धरणारा भाग) ऑइलच्या प्रेशरवर चालतो, प्रेशर येईपर्यंत तेवढं होतं. पण खडखड चालूच राहिली, रेस दिल्यावर वाढली, तर चेन ढिली झालेली आहे, आणि के-सिरीजची चेन ढिली होते ती बहुतेक वेळा ऑइल वेळेवर न बदलल्यामुळेच. चेन किट बदलणं म्हणजे पुढचं कव्हर उघडायचं, दिवसभराचं काम, भावात ते धरूनच बोला.

तीन सिलिंडरवालं के१०बी आयडलला (रेस न देता नुसतं चालू असताना) थोडं थरथरतंच, तो त्याचा स्वभाव आहे, चार सिलिंडरची स्विफ्ट चालवून थेट वॅगनआरमध्ये बसलात तर वाटेल काहीतरी बिघडलंय. तर तुलना दुसऱ्या के१०बी शी करा, स्विफ्टशी नाही. स्टिअरिंगवर हात ठेवा, एसी चालू करा, गिअर न्यूट्रलला. एसी लागताना आरपीएम किंचित हलून परत बसला पाहिजे. डॅशबोर्ड, आरसे, सीट सगळं एकदम खुळखुळायला लागलं तर इंजिन माउंटिंग गेलंय. हा काही मोठा आजार नाही, रबरच आहे ते, पण एजंट "तीन सिलिंडर आहे साहेब, असंच असतं" म्हणून टाळतो, तिथे ऐकून घेऊ नका.

आरपीएम वरखाली हलत राहिला तर बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत कार्बन बसलेला असतो, साफ करून घ्यायचा, स्वस्तात होतं. एखादं सिलिंडर मिसिंग मारत असेल (मधूनच पेटत नसेल) तर आधी इग्निशन कॉइलवर, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या भागावर संशय घ्या. प्रत्येक सिलिंडरच्या वर एक कॉइल असते, एका दहा नंबरच्या बोल्टवर बसलेली. सोबत नेलेल्या फिटरला सांगा एक कॉइल वर ओढून काढ. कॉइलची खालची रबरी नळी कोरडी असायला हवी. ती ऑइलने माखून वर आली तर वरच्या हेड कव्हरचं गॅस्केट गळतंय आणि ऑइल प्लगच्या खड्ड्यात उतरतंय. तिथे बोट घालून बघितलं की एकदम कळतं, आणि मालकाला दाखवलं की तोही गप्प बसतो. गॅस्केट स्वस्त आहे, पण ह्यावरून हे कळतं की ह्या गाडीचं बोनेट बरेच दिवसांत कुणी कौतुकाने उघडलेलं नाही.

सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. सकाळी पांढरी वाफ आणि चार थेंब पाणी नॉर्मल आहे, आपल्याकडच्या दमट हवेत तर हमखास. निळा धूर बघायचा. फक्त चालू करताना फुस्सकन निळा येऊन गेला तर व्हॉल्व्ह सील. रेस दिल्यावर दर वेळी निळा येत असेल तर रिंगा गेल्यात, इंजिन ऑइल खातंय, सोडून द्या. ह्या वर्गातल्या गाडीचं इंजिन खोलून बांधण्यापेक्षा दुसरी गाडी शोधणं कधीही बरं.

ऑइलचं झाकण

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि ह्याला फिटरसुद्धा लागत नाही. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, ऑइल भरायचं झाकण उघडा, मोबाइलचा टॉर्च आत मारा. आतला धातू सोनेरी-तपकिरी दिसला, कॅमशाफ्ट स्वच्छ दिसला, तर वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी. सगळं काळं, वर डांबरट थर, झाकणाच्या आतल्या बाजूला नखाने खरवडलं तर निघणारा चिखल, तर मालक कितीही सज्जन असू दे, गाडीची हेळसांड झालेली आहे. आणि हा चिखल फक्त दिसायला घाण असतो असं नाही, व्हीव्हीटीवाल्या (व्हॉल्व्ह उघडायची वेळ ऑइलच्या दाबाने बदलणाऱ्या) इंजिनात तोच ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये अडकतो, चेनच्या टेन्शनरला ऑइल पोचू देत नाही, मग एकातून दुसरं निघत जातं.

झाकणाखाली चहात दूध घातल्यासारखा पिवळसर-पांढरा फेस दिसला तर लगेच "हेड गॅस्केट गेलं" म्हणून ओरडू नका. पावसाळ्यात, आणि गाडी फक्त नौपाड्यातून स्टेशनपर्यंत जात-येत असेल तर, इंजिन नीट तापतच नाही, आत वाफ साठते आणि तो फेस झाकणावर धरतो. आता डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंटची पातळी पडलेली असेल तर मात्र खरंच पाणी आत जातंय. नुसत्या झाकणावर असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही.

आता सर्व्हिस रेकॉर्ड. कंपनीचं शेड्यूल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आणि नेमकी ह्या "जे आधी येईल" वर आपल्याकडे काट मारलेली असते. "अहो गाडी वर्षाला चार हजारच चालते, ऑइल कशाला बदलायचं" असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत आहेत. माणूस प्रामाणिक, गाडी एका हातातली, मीटर खरा, आणि इंजिनात दोन-अडीच वर्षांचं काळं ऑइल. कमी किलोमीटर म्हणजे चांगलं इंजिन हे समीकरण ठाण्यात चालत नाही. घोडबंदरवर मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत गाडी सरकत असते तेव्हा मीटर पळत नाही पण इंजिन चालूच असतं. साधा हिशोब करा, ताशी २० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे ५०० तास इंजिन फिरलं, आणि हायवेवर ६० च्या सरासरीने तेच १०,००० म्हणजे १६७ तासांच्या आसपास. म्हणून पुण्याला दर आठवड्याला जाणारी ९०,००० ची स्विफ्ट मी डोळे मिटून नाही पण जास्त विश्वासाने बघेन, हिरानंदानी इस्टेट ते ठाणे स्टेशन करणाऱ्या ३५,००० वालीपेक्षा. अर्थात ऑइलच्या पावत्या दोघांच्याही बघूनच. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झालेल्या सर्व्हिसचा रेकॉर्ड गाडीच्या नंबरावर निघतो, मालकाला सोबत घेऊन जवळच्या वर्कशॉपला विचारा, तिथे मीटर रिडिंगपण तारखेप्रमाणे दिसतं आणि मीटर मागे फिरवलेला असेल तर तिथेच पकडला जातो.

कूलंटच्या टाकीत गंजकं लाल पाणी दिसलं तर वाईट. ह्या इंजिनांचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, त्यात नळाचं पाणी भरत राहायचं काम नाही. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो. आणि वॅगनआर-ऑल्टोसारख्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त दिवा असतो, तो लाल पेटेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, त्यामुळे पंखा चालू होतो की नाही हे स्वतः उभं राहून ऐका. टेस्ट ड्राइव्हहून आल्यावर एसी बंद करून दहा मिनिटं आयडलला ठेवा, पंखा फिरून परत बंद झाला पाहिजे.

कुठे चालवून बघायची

सोसायटीला दोन चकरा म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नव्हे. ठाण्यात असाल तर उपवनवरून येऊरचा चढ, दिवसा, कारण रात्री गेटवर अडवतात. किंवा गायमुखचा घाट, पण तिथलं ट्रॅफिक बघता सकाळीच. नवी मुंबईत असाल तर बेलापूरचा पारसिक हिल, नाहीतर महापेहून शीळफाट्याकडे जाणारा चढ. एसी चालू, काचा बंद, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा ॲक्सिलरेटर. चढावर कडकड असा धातूचा आवाज आला तर नॉकिंग आहे (पेट्रोल चुकीच्या वेळी पेटतंय), कारण कार्बन किंवा भेसळीचं पेट्रोल किंवा प्लग. सपाट रस्त्यावर आलात की चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ला एकदम ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम उडाला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच प्लेट संपलीय. हाफ क्लचवर चालवणाऱ्या शहरात हे फार कॉमन आहे, इंजिनाचा दोष नाही पण खिशाला लागतो.

एजीएस म्हणजे एएमटीवाली (गिअर आपोआप बदलणारी) असेल तर चढावर थांबवून परत उचलून बघा आणि ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा करताना झटका किती देते ते बघा. थोडा देतेच.

टर्बोवाली असेल तर दोन हजार आरपीएमच्या वर ओढ एकदम आली पाहिजे, शिट्टीसारखा आवाज सतत येत राहिला तर होज (हवेच्या रबरी नळ्या) बघा. बूस्टरजेट मला स्वतःला आवडतं, पण सेकंडहँड घेताना ऑइलचा पूर्ण रेकॉर्ड नसेल तर मी हातही लावणार नाही, टर्बोला घाण ऑइल अजिबात चालत नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मिळतो तो घ्या किंवा फिटरकडे असतोच. कोड काही नाही म्हणून खूश होऊ नका, रेडिनेसची यादी (गाडीने स्वतःच्या कुठल्या तपासण्या पूर्ण केल्यात ती) उघडा, सगळं "अपूर्ण" दाखवत असेल तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी कोड पुसलेत.

सीएनजीवाली असेल तर

आपल्याकडे महानगर गॅसच्या पंपावरच्या रांगा बघितल्या की कळतं किती वॅगनआर आणि एर्टिगा सीएनजीवर आहेत. कंपनी फिटेड आणि बाहेरून बसवलेली ह्यात मी कायम कंपनीचीच घ्या म्हणेन, त्यात वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं त्यासाठीच बनवलेलं असतं. आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी असं चढलेलं आहे का बघा, बाहेरून किट बसवून आरटीओत नोंदच न केलेल्या गाड्या फिरतायत, त्यांचा इन्शुरन्स क्लेम अडकतो.

गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तारखेची पट्टी गाडीवर असते. इंजिनाच्या बाजूने बघायचं ते व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या टॅपेटमधली बारीक फट. ह्या इंजिनांच्या टॅपेट यांत्रिक आहेत, आपोआप ॲडजस्ट होणाऱ्या नाहीत. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हची सीट हळूहळू झिजते, क्लिअरन्स कमी होत जातो, आणि मग टॅपेटचा आवाज उलट कमी येतो आणि मालकाला वाटतं इंजिन मस्त शांत झालंय. सकाळी थंड असताना पेट्रोलवर चालू करून आयडल लंगडतोय का बघा, मग गॅसवर टाका. सीएनजीवर बरीच चाललेली असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्याच, सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आले पाहिजेत, एकच खूप खाली असेल तर तिथे व्हॉल्व्ह गळतोय. आणि फक्त गॅसवरच चालवलेल्या गाड्यांत पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर धूळ खात पडलेले असतात, त्यामुळे निदान अर्धा तास पेट्रोलवर चालवा.

पावसाचं पाणी

ठाण्यात वंदनाच्या आसपास आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली दरवर्षी काय होतं ते सांगायला नको. पाणी एअर फिल्टरमधून आत ओढलं गेलं की पिस्टन पाणी दाबायला बघतो, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी कधी कधी थोडीफार दुरुस्त करून विकायला येते. एअर फिल्टरचा डबा उघडा, आत मातीची रेघ, फिल्टर एकदम नवा आणि डबा डागाळलेला असेल तर सावध. सीटच्या खालच्या रुळांवर गंज, कार्पेट उचललं की खाली बारीक गाळ, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की शेवटच्या हातभर पट्ट्यावर डाग. एसीला फिनाइलचा किंवा अत्तराचा वास जरा जास्तच येत असेल तर का येतोय ते विचारा. आणि तुमची स्वतःची गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, ढकलून बाजूला घ्यायची आणि टोचन करून न्यायची. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट असेल तरी पाण्यात उभं राहून सेल्फ मारत बसलात तर क्लेमला भांडण होतं.

साल बघून दोन-तीन गोष्टी

२०१९ ची एक लिटर वॅगनआर किंवा पेट्रोल बलेनो असेल तर फ्युएल पंपचं बघा. कंपनीने जुलै २०२० मध्ये ह्या दोन गाड्या मिळून सुमारे १ लाख ३५ हजार परत बोलावल्या होत्या पंप तपासायला. चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर कळतं, काम फुकट होतं.

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या ई२० पेट्रोलला (२० टक्के इथेनॉलवाल्या) धरून बनवल्यात. त्याआधीची असेल तर पंपावर आता ई२० च मिळतंय हे धरून चला, मायलेज थोडं पडतं, आणि जुन्या गाडीच्या रबरी फ्युएल नळ्या तडकल्यात का ते सर्व्हिसला बघायला सांगा. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा चालवा.

स्मार्ट हायब्रिडवाली सियाझ, एर्टिगा असेल तर त्यात साध्या बॅटरीबरोबर एक छोटी लिथियम बॅटरी असते, आणि सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना साधी बॅटरी चालत नाही. आधीच्या मालकाने स्वस्तातली टाकून ठेवली असेल तर ती बंद-चालू सिस्टीम काम करणं सोडते. तीन हात नाक्याच्या सिग्नलला उभं करून बघा बंद पडते का, तिथे वेळ भरपूर असतो.

२००९-१० ची ए-स्टार, रिट्झ, वॅगनआर घेत असाल तर इंजिन कितीही चांगलं असो, आरसीची १५ वर्षं संपलीत किंवा संपत आलीत. फिटनेस करून रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं आणि वर पर्यावरण कर. तो खर्च आधी विचारून घ्या, मग भाव करा.

मला कुणी विचारलं की ठाणे-ऐरोली-वाशी अशा रोजच्या येण्याजाण्याला कुठली घेऊ, तर मी २०१९ नंतरची वॅगनआर के१२एम सांगतो. गाडी हलकी, चार सिलिंडर, चढावर दमत नाही, आणि वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही फिटरला तिच्यात काही नवीन नाही. बजेट कमी असेल तर के१०बी, फक्त माउंटिंगचा खर्च बाजूला काढून. एर्टिगा पाहिजे तर के१५बी पर्यंत ताणा. ड्युअलजेटवाल्या मायलेजला भारी आहेत पण अजून सेकंडहँडला महाग मिळतात, तेवढे पैसे वाचायला खूप किलोमीटर चालवावे लागतील.

घेतल्यावर

एमएच-०४ ची गाडी एमएच-४३ च्या माणसाने घेतली तरी राज्य एकच, नंबर बदलायची गरज नाही, फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलतं, लोन होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. हे मालकाच्या सह्या घेऊन लगेच करा, टाळू नका.

मग गाडी पहिल्या आठवड्यातच सर्व्हिसला. आधीच्या मालकाने "मागच्याच महिन्यात ऑइल बदललंय" सांगितलं असेल तरी बदला. ग्रेड फिटरला विचारू नका, मॅन्युअलमध्ये बघा, कारण जुन्या के१०बी ला ५डब्ल्यू-३० चालतं तर नव्या इंजिनांना त्याहून पातळ ऑइल सांगितलेलं असतं, आणि रस्त्यावरच्या गॅरेजला सगळ्यांना एकच जाडं ऑइल ओतायची सवय असते, "जाडं ऑइल म्हणजे इंजिन शांत" म्हणून. चेन टेन्शनर आणि व्हीव्हीटी ह्यांना ते पचत नाही. छोट्या इंजिनांना साधारण तीन लिटर लागतं, डब्याचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, कूलंट बदल, प्लग काढून बघणं, एवढं एकाच वेळी उरकून घ्या. पावतीवर किलोमीटर आणि ऑइलची ग्रेड लिहून घ्या आणि आरसीच्या कॉपीसोबत ठेवा, पुढे तुम्ही ही गाडी विकायला काढाल तेव्हा समोरचा तीच मागणार आहे.